तिकिटावरचे सहा तास

जूनमधली दुपार होती. टिळक रोडवरच्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात काका-काकू तिकिटाची प्रिंट न्यायला आले होते. लेकीचं बाळंतपण न्यू जर्सीत, दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान मीच काढून दिलं होतं आणि निघायला दोनच दिवस उरले होते.

काकांनी रेघांची वही उघडली. "रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला पोचतंय, म्हणजे सहा तास. हिचं रात्रीचं इन्सुलिन घरून घेऊन निघायचं, सकाळचं लेकीकडे. मधे लागतच नाही, म्हणून मोठ्या बॅगेत टाकलंय, अळिवाच्या लाडवांशेजारी."

माझ्या पोटात गोळाच आला. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची न्यूयॉर्कची. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे त्या सहा तासांत हे साडेनऊ मिळवायचे, की खरा प्रवास साडेपंधरा तासांचा!

काकांना ते पटेना. मग त्यांनीच आणलेल्या पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडवला आणि टेबलावरच्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरला. दोरा सरळ पश्चिमेला न जाता वर सरकला, पार आइसलंडजवळून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून खाली उतरला. सर्वांत जवळची वाट तीच, आणि तीसुद्धा सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. "पुणे–नागपूर अठरा वेळा," मी म्हटलं. काकू दोऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या.

काकांनी वहीत येतानाचा हिशोबही मांडला होता: साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी अकराला मुंबई, साडेतेवीस तास. त्यातून साडेनऊ वजा केले की उरतात चौदा. वर वारे पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतात, त्यामुळे येताना विमानाला रेटा मिळतो आणि जाताना तेच वारे आडवे येतात.

शिवाय पुण्याहून मुंबई विमानतळ गाठायचा, तीन-चार तास आधी पोचायचं. संध्याकाळी पाचला घर सोडलं, तर न्यूयॉर्कला चाकं टेकतील तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पाच वाजलेले असणार. अख्खे 24 तास!

तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोसांच्या वेळा आणि खाणं नव्याने लिहून दिलं, सोबत सुरक्षा तपासणीसाठी चिठ्ठीही. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, असं बजावलं. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलं की निकामी होतं.

ती प्रिंट मी कोरीच देणार होते, हे अजून सलतं. तेव्हापासून परदेशाच्या प्रत्येक तिकिटाच्या कोपऱ्यात लाल पेनानं खरे तास लिहिते.

पोचल्यावर काकूंचा फोन आला. इंजेक्शनं वेळेवर झाली होती. पोचेपर्यंत काकांनी घड्याळाचे काटे पुण्याच्याच वेळेवर ठेवले होते.