रकान्यात ‘हालारी’ लिहिण्याआधी

त्या दिवशी पशुवैद्यक म्हणून माझे काम साधे होते: देवभूमी द्वारका जिल्ह्यातील एका भरवाड कुटुंबाच्या हालारी गाढवांची मापे घेऊन नोंद करायची. पांढरा रंग, काळे नाकाड, काळे खूर आणि भरदार बांधा ही हालारीची ओळख. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या भरवाडांचा सगळा संसार, वाटेत जन्मलेल्या कोकरांसह, हीच जनावरे पाठीवर वाहतात.

मी पोहोचलो तेव्हा एक गाढवी अडली होती. पाणमोट फुटून पंधरा मिनिटे झाली, तरी एकच पाय आणि नाकाड दिसत होते. गाय अडली तर थोडी उसंत मिळते. घोडी किंवा गाढवी अडली तर पिलाला पोटात जगवणारी वार लवकर सुटते आणि शिंगरू आतच गुदमरते. कळ ओसरताच मी शिंगराला मागे रेटले, गुडघ्यात दुमडलेला पाय चाचपून शोधला, गर्भाशय फाटू नये म्हणून त्याचा खूर तळहातात झाकून घेतला आणि पाय सरळ करून पुढे आणला. पुढच्या दोन कळांत शिंगरू बाहेर आले. मादी होती, जिवंत होती.

मी आनंदाने नोंदवहीत ‘हालारी’ लिहू लागलो, तेव्हा घरातले वृद्ध काका म्हणाले, “तसे लिहू नका, साहेब. हिचा बाप हालारी नाही.” गाढवी माजावर आली तेव्हा आसपास एकही हालारी नर नव्हता, म्हणून एका ठेंगण्या राखाडी गाढवाकडून ती गाभण राहिली होती.

2015 मध्ये 1112 हालारी गाढवे मोजली गेली होती, 2020 मध्ये 662. मालवाहू गाड्या आल्या, चराऊ राने आटली, ही कारणे मला पाठ होती; पण उरलेल्या माद्यांची वेतेही अशी वाया जातात, हे मला त्या अंगणात कळले. गाढवी सुमारे वर्षभर गाभण असते आणि एकच शिंगरू देते. नुसती शिरगणती करून हा वंश टिकणार नाही. गावागावांच्या आवाक्यात जातिवंत नर ठेवावे लागतील, आणि ते पोसण्याचा खर्च एकट्या पशुपालकावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

तासाभरात वार पडली, शिंगराने चीक प्यायला. मी रकान्यात ‘संकर’ लिहिले आणि नर असलेल्या दुसऱ्या कुटुंबाला तिथूनच फोन लावला. अडलेल्या वेतानंतरचा पहिला माज सोडून पुढच्या माजाला गाढवीला तिकडे न्यायचे ठरले. वाट दोन दिवसांची होती. काका म्हणाले, “चालत नेईन.”