तुम्ही विचारलंत म्हणून: भाजी फुकटच का देत नाही?

आमच्या कामाबद्दल बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो. "देणग्या मिळतात, स्वयंसेवक आहेत, शेतकरी ओळखीचे आहेत. मग गरीब घरांना भाजी फुकटच का देत नाही? त्यांच्याकडून पैसे कशाला घेता?" विचारणाऱ्याला त्या घरांबद्दल खरी कळकळ असते, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी काम काय ते सांगते. आम्ही जवळपासच्या छोट्या शेतकऱ्यांकडून भाजी आणि फळं घेतो, भाव लावणीच्या आधीच ठरवून. ज्या वस्त्यांमध्ये ताजा माल सहजी पोचत नाही, तिथे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आमची गाडी उभी राहते. मिळकत कमी असलेल्या घरांना दुपटीचं कुपन मिळतं: जेवढ्या पैशांची भाजी घ्याल, तेवढ्याच किमतीची आणखी भाजी कुपनावर. शेतकऱ्याला पूर्ण भाव जातो; अर्धा त्या घराने दिलेला, अर्धा देणगीतून. ज्या घराला अर्धेही झेपत नाहीत त्याला पूर्ण किमतीचं कुपन असतं, आणि रांगेतल्या दुसऱ्या कुणाला तो फरक कळत नाही.

फुकट वाटपाला माझा विरोध नाही. पूर आला, घर जळालं, कमावतं माणूस अंथरुणाला खिळलं, की हिशेब बाजूला ठेवून द्यायचंच असतं, आणि आम्हीही देतो. १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सेंट मेरीज फूड बँक उभी केली. जगातली पहिली फूड बँक म्हणून ती ओळखली जाते. खाण्याजोगं पण टाकून दिलं जाणारं अन्न एका जागी गोळा करायचं आणि गरजूंपर्यंत पोचवायचं, ही त्यांची कल्पना आज कितीतरी देशांत असंख्य घरांना आधार देते. पण तिची सुरुवातच उरलेल्यापासून होते. टिकाऊ मालाच्या बाबतीत ते चालून जातं. डब्यातली डाळ आज मिळाली काय किंवा महिन्याने मिळाली काय, फारसं बिघडत नाही. भाजीचं तसं नाही.

खुडलेलं पान मेलेलं नसतं. त्याचं श्वसन चालूच असतं, साठवलेली साखर ते जाळत असतं, ओलावा सोडत असतं. फक्त मुळांकडून येणारी भरपाई थांबलेली असते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की ही झीज साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने होते. गाडीतून माल उतरताना मी सगळ्यात आधी देठ बघते. पहाटे खुडून लगेच सावलीत नेलेल्या जुडीचा देठ वाकवला की कट्कन मोडतो. उन्हात पडून राहिलेल्या जुडीचा देठ नुसताच वाकतो, आणि क्रेटच्या मध्यभागी हात घातला तर आत ऊब लागते. ती पानांच्या श्वसनाचीच उष्णता; वर दाबून आणखी क्रेट रचले असले तर ती बाहेर पडत नाही आणि मधली पानं बाहेरच्यांच्या आधी काळवंडतात. असं क्रेट दिसलं की ते आधी मोकळं करायचं, जुड्या सुट्या पसरायच्या, पाण्याचा हबका मारायचा आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. पिकलेले टोमॅटो आणि पालेभाजी आम्ही एका ताडपत्रीखाली ठेवत नाही, कारण टोमॅटोतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने पानं पिवळी पडतात. हे सगळं करूनही हाताशी वेळ थोडाच असतो.

आता विचार करा. एखादी भाजी घाऊक बाजारात विकली गेली नाही, मग दुकानात पडून राहिली, मग कुणीतरी ती दान केली, मग ती निवडून वस्तीत पोचली. तिच्या आयुष्यातला चांगला काळ तोवर संपलेला असतो. आणि ती जाते कुठे, तर ज्या घरात फ्रीज नाही तिथे. अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालाचा अंदाज असा की काढणीनंतर किरकोळ दुकानापर्यंत पोचेतोच जगातलं सुमारे १४ टक्के अन्न वाया जातं, आणि फळं-भाज्यांमध्ये हे प्रमाण याहून जास्त आहे. ते वाचवायलाच हवं. पण कुणाच्या रोजच्या ताटातली भाजी त्याच्या भरवशावर ठेवता येत नाही.

पैसे घेण्याचं दुसरं कारण आमच्या गाडीपाशी थोडा वेळ उभं राहिलं की दिसतं. एक बाई शेंगांच्या ढिगातून एक शेंग उचलते, मोडून बघते, धागा निघाला तर मूठ परत टाकते. जुडी उलटी करून मुळाकडची बाजू तपासते. मग विचारते, "ताई, ही आजची का?" आजची नसेल तर मला तसं सांगावं लागतं आणि भाव कमी करावा लागतो. मागच्या खेपेचे टोमॅटो आतून पांढरे निघाले, हेही ती चारचौघांत सुनावते. फुकट वाटपाच्या रांगेत हे कधी होत नाही. तिथे माणूस हातात पडेल ते घेतो, "फार उपकार झाले" म्हणतो आणि सडका भाग घरी जाऊन कापून टाकतो. आपण दिलेला माल कसा होता हे देणाऱ्याला कळतच नाही. आमच्या मालाचा दर्जा टिकून आहे तो मुख्यतः या बायकांच्या तक्रारींमुळे, आणि तक्रार करण्याचा हक्क त्यांना त्या अर्ध्या किमतीने मिळालेला आहे.

माझ्या मते मात्र खरा मुद्दा जोखमीचा आहे. ताजी भाजी नासते, त्यामुळे ती हातात धरणारा प्रत्येकजण जोखीम घेत असतो. शेतकरी लावताना घेतो, विकणारा मांडताना घेतो आणि आई विकत घेताना घेते. गरिबाला परवडत नाही ती भाजीपेक्षाही ही जोखीम.

आईचंच घ्या. केटलिन डॅनियल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी बॉस्टनच्या परिसरातल्या पालकांशी बोलून केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मुलांना नवी चव आवडायला ती ८ ते १५ वेळा तरी समोर यावी लागते. तोवरच्या प्रत्येक वेळी ताटात उरलेलं फेकावं लागतं. सुखवस्तू घर हे सहज सोसतं. हातावर पोट असलेल्या घरात त्या टाकलेल्या भाजीच्या जागी दुसरं काही शिजवायला पैसे उरलेले नसतात, म्हणून आई मूल नक्की खाईल तेच आणते. "या लोकांना आरोग्याचं महत्त्वच कळत नाही" असं कुणी म्हणालं की मला मनापासून राग येतो. त्या बाईचा हिशेब अगदी बरोबर असतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, ते तिने ऐकलेलंही असतं. पण २०२२ साली जगात २८० कोटींहून अधिक लोकांना सकस आहार परवडत नव्हता असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. तिथे आरोग्यावरचं व्याख्यान काय कामाचं? दुपटीच्या कुपनाने होतं ते एवढंच की पहिली जुडी मुलाच्या आवडीची घेता येते आणि दुसरी नव्या चवीची. मुलाने ती नाकारली तर तोटा आमचा.

याचा उपयोग होतो का, हे मोजलं गेलं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हॅम्पडेन काउंटीमध्ये २०११-१२ साली सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या काही कुटुंबांना ठरावीक फळं-भाज्यांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट परत मिळत. ही सवलत नसलेल्या तशाच कुटुंबांपेक्षा ती माणसं सुमारे २६ टक्के जास्त फळं-भाज्या खात होती. त्याआधीच, २००९ साली, डेट्रॉइटच्या शेतकरी बाजारांत एका संस्थेने दुपटीची योजना सुरू केली होती. अशा प्रयोगांना पुढे २०१४ आणि २०१८ च्या शेती कायद्यांतून सरकारी निधी मिळाला.

इथे काहीजण म्हणतात, मग वस्तीत एक चांगलं दुकानच काढा की. तेही करून झालं आहे. फिलाडेल्फियात आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये अशा वस्त्यांत नवी मोठी दुकानं उघडली. २०१४ आणि २०१५ साली आलेल्या अभ्यासांत दिसलं की फिलाडेल्फियातल्या लोकांना आता जवळ माल मिळतो हे जाणवत होतं, पण दोन्हीकडे ताटात विशेष फरक पडला नव्हता. २०१९ साली अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने मोठ्या प्रमाणावर खरेदीची आकडेवारी तपासली. जो माल आणि जे भाव श्रीमंत घरांना मिळतात तेच गरीब घरांना मिळाले, तरी त्यांच्या आहाराच्या दर्जातली दरी जेमतेम १० टक्क्यांनी कमी होईल, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यावरून "लोकांना भाजी नकोच असते" असं बोलायची सोय काहींना झाली. मला त्यात वेगळं दिसतं. दुकान जवळ आलं म्हणून पगार वाढत नाही, संध्याकाळी दमून आलेल्या बाईला भाजी निवडायला वेळ मिळत नाही, वर्षानुवर्षांची सवय आपोआप सुटत नाही. म्हणून आमची गाडी लोक कामावरून परततात त्या वेळेला उभी असते, आणि एकही वार चुकू नये यासाठी आम्ही जिवाचा आटापिटा करतो. एक आठवडा गाडी आली नाही तर पुढचे दोन आठवडे गर्दी कमी असते.

आता विकणाऱ्याची आणि शेतकऱ्याची बाजू. फुकट भाजीचं वाटप एखाद्या वस्तीत महिनोन्‌महिने चाललं, तर तिथे टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचा धंदा बसतो. वाटप थांबतं, कारण देणगी कधी ना कधी आटतेच, तेव्हा ती टोपलीही तिथे राहिलेली नसते. वस्ती होती त्याहून वाईट स्थितीत जाते. या परिणामाबद्दल फार कमी बोललं जातं.

उलट, भाजी कोण घेणार आणि काय भावाने हे आधी ठरलं की छोटा शेतकरी वेगळाच विचार करू लागतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात ग्राहकांचे गट आणि शेतकरी यांच्यात थेट करार होऊ लागले, त्याला तिथे तेइकेइ म्हणतात. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरमधल्या दोन शेतांवर ग्राहकांनी हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे भरून पिकातला वाटा घ्यायची पद्धत सुरू झाली. पीक साधलं तर सगळ्यांना भरपूर, बुडालं तर सगळ्यांना थोडं. पद्धत उत्तमच. मात्र हंगामाचे पैसे एकदम भरू शकणारा ग्राहक तिथे लागतो. आमच्या वस्त्यांमधली घरं आठवड्याच्या मजुरीवर चालतात. तेव्हा आगाऊ पैसे भरणाऱ्याची जागा आम्ही घेतो आणि घरं आठवड्याला पैसे देतात.

"घेणार असाल तर लावतो," हे वाक्य शेतकऱ्यांकडून सारखं ऐकू येतं. सगळी मेथी एकदम न पेरता थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरा, म्हणजे दर आठवड्याला कोवळी मिळेल, हे सांगणं सोपं आहे. पण त्या शेवटच्या वाफ्याचे पैसे नक्की मिळणार याची खात्री असल्याशिवाय कुणी तसं करत नाही. म्हणून माल उतरला त्याच दिवशी पैसे, हा नियम आम्ही मोडत नाही. विक्री कमी झाली तरीही. वाकड्या काकड्या आणि बुटकी गाजरंही आम्ही घेतो, वेगळ्या भावाने, आणि वेगळी मांडून विकतो.

हे फक्त संस्थांनीच करायचं काम आहे असंही नाही. ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहराने १९९३ पासून अन्न हा नागरिकांचा हक्क मानून धोरण आखलं. त्यात विक्रेत्यांना मोक्याच्या जागा दिल्या गेल्या, आणि त्या बदल्यात काही भाज्या-फळं ठरवून दिलेल्या कमी भावात विकायची आणि शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांतही माल न्यायचा, अशी अट घातली गेली. मला ही अट फार आवडते. चांगल्या जागेची कमाई आणि गरीब वस्तीची फेरी तिने एकमेकींना बांधून टाकली. आम्हाला मोक्याच्या जागा वाटता येत नाहीत, म्हणून ते ओझं आम्ही देणगीतून उचलतो.

आमचं काम विक्रीच्या पैशांवर चालत नाही, हे स्पष्ट सांगते. गाडी, इंधन, क्रेट, माल उतरवणाऱ्यांचे पगार, उरलेला माल, सगळं धरलं तर तूट पडतेच, आणि वस्ती जितकी दूर तितकी जास्त. ती तूट भरणं हेच संस्थेचं काम आहे असं मी मानते. फुकट वाटपाचे फोटो चांगले येतात, किलोंचा आकडाही भरघोस दिसतो, त्यामुळे देणगीदारांचा ओढा तिकडे असतो. किती किलो वाटलंत, असं विचारण्याऐवजी त्यांनी मला विचारावं: मागच्या महिन्यात आलेल्या घरांपैकी या महिन्यात किती घरं परत आली, किती माल खतात गेला, शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी मिळाले का. या तिन्हींची नोंद आमच्या वहीत असते आणि कुणालाही ती दाखवायला आम्ही तयार असतो.

आणि तुम्हाला मदत करायचीच असेल तर ती लावणीच्या आधी करा. भाजी निघाल्यावर आलेले पैसे कुपनांना उपयोगी पडतात, तेही हवेतच. पण लावणीआधी आलेल्या पैशावर एखाद्या शेतकऱ्याला "लावा, आम्ही घेतो" असं सांगता येतं. पुढच्या हंगामाची बोलणी आता सुरू आहेत, आणि होकारासाठी थांबलेल्या शेतकऱ्यांची यादी आमच्याकडच्या पैशांपेक्षा मोठी आहे.