आपल्याच कागदाची, आपल्याच शाईची प्रोफाइल

घरच्या प्रिंटरवर छायाचित्रे छापणाऱ्यांच्या बोलण्यात ‘चांगली प्रोफाइल’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो, जणू ती कुठूनतरी मिळवून बसवली की रंग आपोआप सुधारतील. प्रत्यक्षात प्रोफाइल ही केवळ एक नोंद असते. अमुक प्रिंटर, अमुक शाई, अमुक कागद आणि ड्रायव्हरमधली (प्रिंटर चालवणाऱ्या संगणकातल्या प्रणालीतली) अमुक मांडणी एकत्र आली असता कोणत्या आकड्यांतून कागदावर नेमका कोणता रंग उमटतो, हे मोजून लिहून ठेवलेले असते. १९९३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाने, म्हणजे आयसीसीने, या नोंदीचा साचा ठरवून दिला. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा प्रिंटर असला तरी फोटोशॉप किंवा डार्कटेबल अशा छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरला ती वाचता येते. मात्र त्या चौघांपैकी एक जरी बदलला, तरी नोंद दुसऱ्याच कुणाची तरी होते.

माझ्याकडे सहा रंगांच्या टाकीचा, डाय शाईचा (विरघळलेल्या रंगाच्या शाईचा) प्रिंटर आहे. मूळ शाई आणि त्याच कंपनीचा कागद वापरला तर कंपनीने दिलेली प्रोफाइल पुष्कळ चांगले काम करते, आणि तेवढ्यावर ज्यांचे भागते त्यांनी पुढचा खटाटोप करण्याची गरज नाही. पण आपल्याकडे स्टेशनरीच्या घाऊक बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ग्लॉसी कागदांना प्रोफाइलच नसते. अशा कागदावर दुसऱ्याच कागदाची प्रोफाइल लावून छापले की दोष सर्वांत आधी करड्या रंगात दिसतो. पावसाळी आभाळ, जुन्या वाड्याची दगडी भिंत, पांढऱ्या सदऱ्यावरची सावली यांवर गुलाबी किंवा हिरवट झाक येते. पानांचा हिरवा थोडा इकडेतिकडे झालेला डोळा सहज खपवून घेतो. करडा बिघडलेला मात्र खपवून घेत नाही.

प्रोफाइल तयार करायची म्हणजे ज्ञात आकड्यांच्या रंगीत चौकोनांचा चार्ट छापायचा, ते चौकोन यंत्राने मोजायचे आणि दोहोंचा मेळ संगणकाकडून घालून घ्यायचा. यासाठी ग्रॅम गिल यांचे आर्गिल सीएमएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते आज्ञा टंकून चालवावे लागते, पण सवय झाली की हातात बसते. स्क्रीन मोजणारा साधा कलरिमीटर येथे चालत नाही, कारण छापलेल्या कागदावर स्वतःचा प्रकाश टाकून परत येणारे किरण मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर हवा. कलरमंकी नावाचा जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळाला तरी हौशी कामाला तो पुरतो, आणि चार मित्रांत मिळून घेतला तर खर्चही फार वाटत नाही.

सर्वाधिक काळजी लागते ती चार्ट छापताना. चार्टचे आकडे वाटेत कुणीही न बदलता प्रिंटरपर्यंत पोहोचले पाहिजेत. फोटोशॉपच्या सीएस५ आवृत्तीतून रंग व्यवस्थापन पूर्ण बंद करून छापण्याची सोय काढून टाकण्यात आली, आणि त्यासाठी अडोबीने कलर प्रिंटर युटिलिटी हे वेगळे छोटे साधन दिले. चार्ट त्यातूनच छापावा. ड्रायव्हरमध्ये रंगदुरुस्ती बंद ठेवावी आणि कागदाचा प्रकार निवडून तो लिहून ठेवावा, कारण किती शाई सोडायची हे ड्रायव्हर त्यावरूनच ठरवतो. पुढे छायाचित्र छापतानाही हीच मांडणी जशीच्या तशी हवी. चार्ट छापण्याआधी नोझल तपासणीचे, म्हणजे शाईची सगळी छिद्रे मोकळी आहेत का ते दाखवणारे, पान काढलेच पाहिजे. एक बारीक रेघ जरी तुटलेली असली तरी फिकट निळ्याचे सगळे चौकोन खोटे बोलतात.

छापलेला चार्ट लगेच मोजू नये. डाय शाई वरवर कोरडी वाटली तरी तिचा रंग आतून स्थिरावत असतो, म्हणून मी पूर्ण एक दिवस थांबतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या दमट हवेत याहून अधिक थांबणे शहाणपणाचे. मोजताना चार्टखाली त्याच कागदाचे दोन-तीन कोरे ताव ठेवावेत, म्हणजे टेबलाचा रंग आरपार येऊन मापात मिसळत नाही. मग यंत्र चौकोनांच्या एका ओळीच्या, म्हणजे पट्टीच्या, अलीकडच्या कोऱ्या जागेवर टेकवायचे, बटण दाबून धरायचे आणि एकाच गतीने पट्टी ओलांडून पलीकडच्या कोऱ्या जागेत जायचे. हात मध्येच अडखळला किंवा फार घाईने सरकला तर आर्गिल ती पट्टी नाकारते आणि पुन्हा वाचायला लावते.

चौकोन किती असावेत, यावर पुष्कळ वाद होतो. माझ्या मते ए४ आकाराच्या दोन पानांवर मावणारे सुमारे ४०० चौकोन अशा प्रिंटरला पुरतात, पण त्यांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पायऱ्या भरपूर हव्यात. संख्या वाढवण्यापेक्षा पहिल्या फेरीतली प्रोफाइल आधाराला घेऊन दुसरा चार्ट आखणे अधिक फायद्याचे ठरते, कारण त्यात प्रिंटरच्या स्वभावाप्रमाणे चौकोनांची वाटणी होते.

प्रोफाइल तयार झाल्यावर आर्गिल सरासरी त्रुटी डेल्टा ई या, दोन रंगांतला फरक मोजणाऱ्या, एककात दाखवते, आणि ती १ च्या खाली आली की बरेच जण निश्चिंत होतात. ही त्रुटी केवळ त्याच चार्टच्या मापांशी जुळवून काढलेली असते. चार्ट चुकीच्या मांडणीत छापला गेला असेल तरीही आकडा सुरेख येऊ शकतो. खरी परीक्षा घ्यायची तर निराळे चौकोन त्या प्रोफाइलमधून दुसऱ्या दिवशी छापावेत, वाळू द्यावेत आणि अपेक्षित रंगाशी ताडून पाहावेत. एवढे श्रम फार थोडे लोक घेतात, पण माझा भरवसा याच आकड्यावर असतो.

स्वस्त कागदांत शुभ्रता वाढवणारी रसायने असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतात. कलरमंकीच्या एलईडी दिव्यात अतिनील भाग जवळजवळ नसल्यामुळे त्याला ही चमक दिसतच नाही. परिणामी खिडकीपाशी प्रिंट थोडा थंड वाटतो आणि पिवळ्या बल्बखाली तसा वाटत नाही. आयवन प्रो या दुसऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या अतिनील गाळणी नसलेल्या मॉडेलने मोजले तर आर्गिल याची भरपाई करू शकते. तेवढा खर्च शक्य नसेल, तर कमी रसायने असलेला कागद निवडणे हाच मला सरळ उपाय वाटतो.

अचूक प्रोफाइलनेही शाईची मर्यादा ओलांडता येत नाही. दसऱ्याच्या झेंडूचा भडक पिवळा प्रिंटर एसआरजीबी या नेहमीच्या रंगक्षेत्राच्याही पलीकडे नेऊ शकतो, म्हणून अशी छायाचित्रे मी अडोबी आरजीबी या अधिक विस्तृत रंगक्षेत्रात ठेवतो; उलट स्क्रीनवरचा गडद, झगझगीत निळा कागदावर येत नाही आणि जवळ आणताना जांभळ्याकडे सरकतो. छापण्याआधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कसा दिसेल याची स्क्रीनवरची झलक, पाहून रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (न मावणारे रंगच तेवढे बदलणारी) आणि पर्सेप्च्युअल (सगळेच रंग प्रमाणात आवळणारी) या पद्धतींत निवड करावी. पर्सेप्च्युअल हवे असल्यास प्रोफाइल बनवतानाच आर्गिलला मूळ रंगक्षेत्र कोणते ते सांगावे लागते. प्रोफाइलच्या नावात मी कागद, शाई, ड्रायव्हरमधला कागदप्रकार आणि महिना लिहितो, आणि नव्या गठ्ठ्यातला पहिला ताव करड्या पायऱ्यांच्या पट्टीसाठी वापरतो. पट्टीवर झाक दिसली की त्या गठ्ठ्यासाठी नवा चार्ट छापायला घेतो.