जुनं मशीन बघायला जाताय? इंजिन थंड बघा, ऑइल गरम बघा

झाडोरा काढायचा, खुंट उपटायचे आणि नंतर दरवर्षी रस्ता, चर, बांध नीट ठेवायचे, एवढ्यासाठी जुनं खोदकामाचं मशीन घ्यायचं म्हणून बघून आलो. जाणाऱ्यांनी पूर्ण दिवस मोकळा ठेवा, तासाभरात उरकणारं काम नाही हे.

पोचलो तेव्हा मिनी एक्सकॅव्हेटर आधीच चालू करून ठेवलेला, मालक म्हणे तुमचा वेळ वाचावा म्हणून. बॉनेटला हात लावला तर चटका! म्हटलं बंद करा, संध्याकाळी बघतो. तुम्ही निघायच्या आधीच फोनवर सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत स्टार्टर मारू नका, कारण कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन गरम असलं की पटकन उचलतं आणि थंड असलं की रडतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थंडीत क्षणभर चालतो, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) संशय घ्यायचा.

संध्याकाळी तो एक्सकॅव्हेटर थंडही मस्त सुरू झाला, मालक खूश. मग खोदायला लावला, सलग, आणि तासाभराने बूम (बकेट धरणारा मोठा हात) अशी सुस्त की बघवेना. हायड्रॉलिक ऑइल तापलं की पातळ होतं, झिजलेल्या पंपात आतल्या आत गळतं आणि प्रेशर जातं, थंड असताना यातलं काहीच दिसत नाही. म्हणून दहा मिनिटांच्या डेमोला काही अर्थ नाही. तापल्यावर बकेट उचलून इंजिन बंद करा, सिलिंडरच्या रॉडवर खडूची खूण करा आणि थोड्या वेळाने बघा किती खाली आली (खाली उभं राहू नका, कोणालाही राहू देऊ नका). थोडी उतरणारच, भराभर उतरली तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय.

अवर मीटर (मशीन किती तास चाललं ते दाखवणारा) बदलता येतो, त्यामुळे त्यापेक्षा पेडलचं रबर आणि सांध्यातले पिन-बुश किती झिजलेत ते बघा. बकेट जमिनीवर टेकवून हलकंसं दाबा-सोडा करायचं, सांध्यात किती खेळ आहे ते लगेच कळतं. ताजा रंग दिसला की मी तर आधी बूमवरचं वेल्डिंगच शोधतो. चाकांऐवजी चेनवर चालणारं मशीन असेल तर चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत का बघा, खालचा सगळा सेट बदलायचा खर्च ऐकून घ्या आणि मगच भाव करा.

बाकी मशीन कुठलं, तर एकदाच साफ करायचं असेल तर भाड्यानेच आणा. दरवर्षीचं काम असेल आणि जमिनीचे तुकडे एकमेकांपासून लांब असतील तर चाकांचा बॅकहो (मागे खोदायचा हात असलेला ट्रॅक्टरसारखा) बरा, स्वतः चालत जातो. ओल्या, उताराच्या जमिनीत चेनच लागते, पण प्रत्येक वेळी ट्रेलर आला. प्लेटवरचा सिरीयल नंबर कागदांशी जुळवा, कर्ज बाकी नाही ना ते लेखी घ्या, आणि ट्रेलरवाल्याला वजन बकेटसकट सांगा.