इंग्रजी गाण्यातल्या आशाताई

आज भाचीला क्लासवरून आणत होतो, तिने गाडीत तिची प्लेलिस्ट लावलेली, एकदम गिटारचे तेच तेच दोन-तीन कॉर्ड सुरू झाले आणि मी आवाज वाढवला. कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’! तिला विचारलं, ही आशा कोण माहितीय का, तर म्हणे असेल कोणीतरी हिरॉईन. अगं आपल्या आशाताई, सांगलीच्या, आशा भोसले! खरंच मामा?? म्हणत तिने परत पहिल्यापासून लावलं.

१९९७ चं गाणं आहे, इंग्लंडमध्येच जन्मलेल्या पंजाबी घरातल्या तजिंदर सिंगने लिहिलेलं, आणि १९९८ मध्ये डीजे नॉर्मन कुकने रिमिक्स केल्यावर ते थेट ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. पुढे त्यात लता मंगेशकर येतात, रफीसाहेब येतात आणि दोघांच्या नावापुढे ४५, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे फिरणारी ती छोटी रेकॉर्ड. त्याच यादीत फ्रान्सचा गायक जाक द्युत्रों आणि ब्रिटिश रॉकस्टार मार्क बोलन पण, सगळे एकाच रांगेत, कोणी खाली नाही कोणी वर नाही, हे मला फार म्हणजे फार आवडतं.

गाण्यात मोठ्या लोकांची नावं बरेच जण घेतात, मडोनाच्या ‘व्होग’मध्ये तर हॉलिवूडच्या स्टार्सची अख्खी यादीच आहे. पण ते बहुतेक पडद्यावर दिसणारे चेहरे. इथे सलाम आहे तो प्लेबॅक सिंगरला, जिच्या आवाजावर दुसरंच कोणीतरी नाचतं तिला. आपल्याकडे आशाताईंवर इतकं प्रेम करणारं गाणं कोणी केलंय का, माहीत असेल तर कमेंटमध्ये नक्की टाका, भाचीला ऐकवायचंय.