घोटाईची वेळ

बडोदे, भाद्रपद

पावसाने उघडीप दिली आहे, पण हवेतला दमटपणा अजून सरलेला नाही. उन्हाळ्यात सकाळी घडवलेले भांडे दुपार टळण्याच्या आत घोटाईला, म्हणजे कच्ची माती गुळगुळीत दगडाने दाबून घासून चमकवण्याला, येते. सध्या तेच भांडे दुसऱ्या दिवशीही बोटाला ओलसर लागते. या दिवसांत एकाच लाल मातीची लहान भांडी आणि चाचणीच्या पट्ट्या घडवून, भट्टीत जाण्यापूर्वी त्यांच्या अंगावर काय काय करता येते हे मी क्रमाने पाहत आहे. काहींना नुसती घोटाई, काहींवर कावेचा, म्हणजे गेरूचा, लेप, काहींवर लेप देऊन कोरलेली नक्षी. या सगळ्यातून एक गोष्ट मला अधिकाधिक पटत चालली आहे: हत्यार कोणते आणि लेप कशाचा यापेक्षा, हात लावला त्या वेळी मातीत पाणी किती होते यावरच पृष्ठभागाचा बराचसा निकाल ठरतो.

घोटाईसाठी मी खंभातचा अकीक वापरते. रतनपूरच्या खाणींतून निघणारा आणि खंभातच्या कारागिरांनी पैलू पाडून झिलई दिलेला हा दगड आपल्याकडे सहज मिळतो, आणि गारगोटीपेक्षा किंवा चमच्याच्या पाठीपेक्षा तो हातात अधिक नेमका बसतो. माती फार ओली असेल तर दगडामागे लगदा ओढला जातो आणि चरे पडतात. ती पांढुरकी होण्याइतकी सुकली असेल तर दगड नुसता खरखरतो आणि भुकटी उडते. मधल्या अवस्थेत, म्हणजे नख दाबल्यावर खूण उमटते पण माती नखाला चिकटत नाही तेव्हा, दगडाखालचा पट्टा गडद होतो आणि पुढच्या दोन-चार फेऱ्यांत त्यावर खिडकीचा उजेड दिसू लागतो. मातीचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. दाबामुळे ते एका दिशेला आडवे पडतात, मधल्या पोकळ्या बुजतात आणि प्रकाश विखुरण्याऐवजी एकसारखा परत फिरतो. या चमकेत बाहेरून आणलेले काहीच नसते, ती मातीचीच असते, आणि मला तिचे आकर्षण आहे ते याच कारणाने.

अडचण अशी की एका भांड्याचे सगळे अंग एकाच वेळी त्या अवस्थेला येत नाही. काठ पातळ आणि वाऱ्याला उघडा, म्हणून तो आधी सुकतो. पोट मागून येते आणि बुड सर्वांत शेवटी. त्यामुळे मी काठ आधी घोटून त्यावर ओलसर फडके गुंडाळते, मग पोटाकडे वळते, आणि बुडासाठी भांडे पालथे घालून थांबते. पुढे माती आणखी सुकते तशी ती आकसते, कण पुन्हा थोडे विस्कटतात आणि चमक मंदावते, म्हणून हलक्या हाताने दुसरी घोटाई द्यावी लागते. पहिल्या घोटाईचा दाब दुसऱ्या वेळी दिला तर काठाचा टवका उडण्याची भीती असते.

लेपाचे गणित निराळे आहे. नुसती काव पाण्यात कालवून लावली तर भाजल्यावरही ती बोटाला लागते. भांड्याचीच माती बारीक गाळून तिच्यात काव मिसळली की लेप अंगाला धरतो. साधा लेप भांडे ओलसर घट्ट असतानाच द्यावा, कारण पुढे दोघांनी बरोबरीने आकसायला हवे. भांडे आधीच आकसून झाले असेल तर वरचा जाड लेप सुकताना पोपडे धरतो. याला अपवाद टेरा सिजिलाटाचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या मातीच्या लेपाचा. पातळ कालवलेल्या मातीत कण सुटे ठेवणारे सोडियम सिलिकेट किंचित घालून ती सुमारे एक दिवस न हलवता ठेवली की जड कण तळाला बसतात, वर पाणी राहते आणि मधल्या थरात अतिशय सूक्ष्म कण तरंगत राहतात. तेवढाच थर नळीने ओढून घ्यायचा. हा थर इतका पातळ असतो की तो पूर्ण सुकलेल्या भांड्यावरच लावतात, आणि मग दगडाचीही गरज पडत नाही, मऊ फडक्याने पुसले तरी तकाकी येते. भांडे पूर्ण सुकले की नाही हे मी गालाला लावून पाहते. आत पाणी असेपर्यंत ते गार लागते.

बारीक लेप आणि घोटाई गुजरातच्या मातीला नवीन नाही. ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांतली लाल, गुळगुळीत अंगाची भांडी इथल्या उत्खननांत मिळाली आहेत आणि पुरातत्त्वज्ञ त्यांना रेड पॉलिश्ड वेअर म्हणतात. कच्छमधल्या खावड्याला आजही भांड्यांवर लाल, पांढऱ्या आणि काळ्या मातीच्या रंगांनी भाजण्यापूर्वीच नक्षी काढतात, आणि ते काम प्रामुख्याने घरातल्या बायका करतात. आपल्या शहरात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली. ज्योत्स्ना भट्ट यांच्यासारख्या मातीकाम करणाऱ्या कलावंताने तिथे पिढ्या घडवल्या. त्यांच्या मंद तकाकीच्या काचलेपाच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, तरीही माझा कल काचेच्या थरापेक्षा उघड्या मातीकडेच राहतो.

माती ज्यांच्याकडून घेते त्या प्रजापती काकांना काल एक घोटलेला लहान माठ दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला आणि म्हणाले, ‘बेन, आटलुं घसशो तो पाणी ठंडुं नहीं थाय.’ म्हणजे, एवढे घासाल तर पाणी थंड होणार नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते तेव्हा ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, आणि घोटाईने छिद्रे बुजली की पाझर कमी होतो. काकांशी बोलल्यावर मी असे ठरवले की पाण्याच्या भांड्याची घोटाई खांद्यापर्यंतच ठेवायची आणि खालचे पोट खरबरीत सोडायचे. फुलदाणीला किंवा धान्याच्या बरणीला हे बंधन नाही.

या आठवड्यात पट्ट्या भट्टीत जातील. त्यांचे दोन वाटे केले आहेत: एक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजायचा आणि दुसरा १०५० च्या वर न्यायचा. तापमान वाढते तसे कण एकमेकांत मिसळू लागतात आणि घोटाईची चमक उतरते हे ठाऊक आहे. पण या मातीत ती नेमकी कुठे उतरते, आणि मजबुतीसाठी किती चमक सोडून देणे परवडेल, हे मला याच पट्ट्यांवरून ठरवायचे आहे. प्रत्येकीच्या मागे खिळ्याने घोटाईच्या वेळचा ओलावा, लेप आणि तापमान कोरून ठेवले आहे.