मंगळवारी मी मोकळी नसते

नोकरीची शेवटची काही वर्षं मी साताऱ्यात, कोषागाराच्या निवृत्तिवेतन शाखेत काढली. नुकतेच निवृत्त झालेले लोक पहिल्या पेन्शनआधी ओळख पटवायला आमच्या टेबलाशी येत. त्यातले काही नंतरही येत राहत, काम नसताना. 'सहज आलो होतो' म्हणत पंख्याखाली बसत, कुणाची बदली कुठं झाली ते विचारत. बहुतेक पुरुष. निवृत्त बायका अशा सहज म्हणून कधी आल्या नाहीत. मला वाटायचं, बायका घरात रमत असतील. मग एक निवृत्त शिक्षिका फॉर्मवर सही करता करता म्हणाल्या, "अहो, सहज यायला वेळ कुठाय? शाळा होती तेव्हा निदान डबा खायला तरी बसायला मिळायचं." हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

माझी जन्मतारीख १ जून, म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीनं लावून दिलेली. आम्ही सगळे १ जूनवाले ३१ मेला घरी जातो, त्यामुळे त्या दिवशी गावातले सगळे हारवाले खूश असतात. मी ३१ मे २०२४ला ५८ पूर्ण करून सुटणार हे मला नोकरीला लागल्यापासून माहीत होतं. तयारीला मात्र मी २०२२च्या दिवाळीनंतर लागले.

पैशांचं आधी सांगून टाकते, कारण ते तुलनेनं सोपं. नियम लिहिलेले असतात, आणि मी त्याच खात्यातली. सेवापुस्तक स्वतः चाळा, दोन वर्षं आधी. माझ्यात एका जुन्या कार्यालयातल्या वर्षाची सेवा पडताळणीची नोंद सुटलेली निघाली. ती मिळवायला मला जो वेळ लागला तो निवृत्तीच्या आदल्या महिन्यात कुणाकडेच नसतो. पेन्शनचं ४० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण करता येतं, म्हणजे तेवढ्या पेन्शनऐवजी आधीच एकरकमी पैसे घेता येतात, आणि १५ वर्षांनी तेवढी रक्कम पुन्हा सुरू होते. मी केलं, पण त्यातून गाडी घेतली नाही. साठीच्या आत निवृत्त होणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं, साठीची वाट बघावी लागत नाही. पूर्वी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३मध्ये वाढवली. कमाल ३० लाख, पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. आरोग्य विमा नोकरीत असतानाच घ्या, आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो काळ, तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तो नोकरीतच सरलेला बरा.

आता वेळेचं. हे मात्र कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं.

आमचे हे माझ्या आधी निवृत्त झाले, खासगी कंपनीतून. त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं, आणि पहिले सहा महिने पेपर शेवटच्या पानावरच्या निविदांसकट वाचला. पण त्यांना कुणी 'आता मोकळेच आहात ना' म्हणून कामं सांगितली नाहीत. माझ्या बाबतीत निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष असतानाच सुरुवात झाली. लेक पुण्यात, नातू तेव्हा दोन वर्षांचा. "आई, तू सुटलीस की पाळणाघर बंद करते." नणंद म्हणाली, आता आईंकडे बघायला तू आहेसच. सासूबाई आमच्याकडेच असतात, ८० पार. कुणाचं काही वाईट मनात नव्हतं. फक्त माझा सोमवार ते शनिवार मला न विचारता वाटून झाला होता.

तेव्हा मी ठरवलं की निवृत्तीआधीच कुठंतरी वार आणि वेळ ठरलेलं काम धरायचं, आणि आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल असं धरायचं. नुसता छंद नको. छंद आज नाही उद्या करता येतो, आणि घरच्यांना ते बरोबर कळतं. हार्मोनियमचा क्लास लावून बघितला, बोटं वळेनात. भजनी मंडळात मजा आली, पण तिथं आवाजाला तोटा नव्हता. मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मोडीच्या, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत असतात तिच्या, वर्गाचं सांगितलं. सुट्टीच्या दिवशी वर्ग, शिकवायला एक निवृत्त सर.

मोडीत आधी कागदभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग अक्षरं तिला टांगत, हात न उचलता लिहीत जायचं. शब्द कुठं सुटतो, कुठं सुरू होतो ते कळत नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. ते शेवटचं मला फार आवडलं. पहिले काही आठवडे ओळीत एक शब्द लागला तरी चहा प्यायचे. पण माझं खरं जमलं ते जमाखर्चाच्या कागदांत. एक उभा दंड म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे आठ आणे. माझ्या आजोबांच्या वहीत अशाच खुणा असायच्या. तारखेआधी 'छ' आणि पुढे मुसलमानी महिना. साल शुहूर सनात, म्हणजे जुन्या दप्तरातल्या कालगणनेत, तेही अरबी शब्दांनी, 'समान सितैन मया व अलफ'. समान आठ, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११६८. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६७, आणि हे साल मृगापासून सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मेचा कागद असेल तर ६०० मिळवायचे. वर्गातले इतर जण इथं कंटाळायचे. मी आयुष्यभर आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजलेलं, मला मृगाचं काय वाटणार.

मी शिकत होते तेवढ्यात २०२३मध्ये जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. लोक पिशव्यांत कागद घालून सरांकडे यायला लागले. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी १० ते १, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, आम्ही तिघं-चौघं बसायला लागलो. नोकरीत होते तोवर मी रजेच्या दिवशीच जायचे, ३१ मेनंतर दोन्ही वार पक्के केले.

एकदा कोरेगाव तालुक्यातलं एक कुटुंब आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळी, घडीवर कागद फाटलेला. इनामाची सनद आहे असं तीन पिढ्या ऐकलेलं. तासभर लावून वाचलं तर ती लग्नातल्या आहेराची यादी निघाली. अमक्याकडून पागोटं, तमक्याकडून खण, कुणाचे सव्वा रुपये. तरुण मुलगा हिरमुसला. त्याचे आजोबा म्हणाले, "बाई, नावं सगळी वाचा." वाचली. त्यातली दोन घरं त्यांच्या वाडीत अजून आहेत, आणि एकानं आहेर कमी केला म्हणून आजोबा तिथल्या तिथं खवळले.

घरची बोलणी २०२३च्या दिवाळीत झाली, सगळे एकत्र होते म्हणून. मी रेघा मारलेला एक कागद पुढे ठेवला, सात वारांचा. मंगळवार-शुक्रवार सकाळ भरलेली, रोज सकाळी ६ ते ७ फिरणं भरलेलं, बाकी मोकळं. "ह्यात कुणाला काय हवंय ते आता सांगा." लेक गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे विवानला पाळणाघरातच ठेवायचं?" मी म्हटलं, हो, आणि मेमध्ये पंधरा दिवस तो माझ्याकडे, शिवाय आजारी पडला की मी पहिल्या एसटीनं येते. एसटीत बायकांना त्याच मार्चपासून अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे खर्चाचं कारणही उरलं नाही. तिला राग आला होता, तो दोन महिने टिकला. सकाळचा चहा आणि सासूबाईंचा नाश्ता ह्यांच्याकडे आला. ह्यांचे पोहे अजून गिच्च होतात, पण सासूबाई माझ्या पोह्यांना जेवढी नावं ठेवायच्या तेवढी ह्यांच्या ठेवत नाहीत.

शरीराचंही थोडं. फिरायला मी पूर्वीपासून जायचे, तेवढ्यावर खूश होते. फिजिओथेरपिस्टनं जमिनीवर मांडी घालून बसायला सांगितलं आणि म्हणाली, "आता हात न टेकता उठा." उठताच येईना. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, ते आपण ऐकतो. त्याच शिफारशीत आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आहे, ते आपण सोडून देतो. आता खुर्चीवरून ऊठबस, भिंतीला टेकून बसणं आणि पाण्याच्या बाटल्या भरून उचलणं चालतं. सध्या एक हात टेकून उठते.

मृत्युपत्र दोघांनीही केलं. साध्या कागदावर होतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नॉमिनी आहे म्हणजे झालं, असं समजणारे किती वारस टेबलाशी भांडताना पाहिले, मोजले नाहीत. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारस ठरतो. शिवाय शेवटच्या आजारात व्हेंटिलेटरवर किती ओढायचं याचा निर्देशही लिहून ठेवला. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. लेकीला हे वाचायला दिलं तेव्हा ती रडली, मग तिनं स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या.

यंदा जूनमध्ये सात वारांचा कागद पुन्हा काढला. शुक्रवार सासूबाईंच्या दवाखान्याला गेला, त्याऐवजी मी गुरुवार धरला आणि सरांना तसं कळवलं. लेकीनं पुढच्या मेसाठी महिना मागितला, तीन आठवड्यांवर मिटलं. पुढच्या वर्षी मला साठ पूर्ण होतील. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या काकांना मी कोषागारात होते हे कळलंय, आणि त्यांनी मला खजिनदार करायचं परस्पर ठरवूनही टाकलंय. मी त्यांना वार विचारलाय. अजून हो म्हटलेलं नाही.